मुल्कीचा किनारा आणि पहिली फळी

मूडबिद्रीहून पश्चिमेस निघालेला रस्ता सुपारीच्या बागा, भाताची खाचरे आणि जांभ्या दगडाच्या तांबड्या कुंपणभिंती मागे टाकीत तासाभरात मुल्कीस पोहोचतो. मंगळूरच्या उत्तरेस सुमारे ३० किलोमीटरवर, शांभवी नदीच्या काठी हे छोटेसे गाव आहे. दक्षिण महाराष्ट्रातून कारकळ, मूडबिद्री आणि वेणूरच्या दर्शनास जाणारी काही कुटुंबे या गावावरून जातात. थांबत मात्र फारशी नाहीत. वास्तविक मुल्कीचे नाव जैनांना परके वाटू नये. या सीमेवर पूर्वी सावंत या जैन सामंत घराण्याची सत्ता होती. किनाऱ्यावरील बंदरांतून तांदूळ आणि मिरी परदेशी जात असे आणि त्या व्यापाराच्या बळावर तुळुनाडूच्या आतल्या भागात बसद्या उभ्या राहिल्या. समुद्राकडे पाठ फिरवून ही तीर्थे समजून घेता येत नाहीत.

गेल्या काही वर्षांत मुल्कीस आणखी एक ओळख मिळाली आहे. २००४च्या सुमारास जॅक हेबनर या अमेरिकन वैष्णव संन्याशाच्या आश्रमाने येथे लाटेवर उभे राहण्याची कला, म्हणजे सर्फिंग, शिकविण्यास आरंभ केला. पुढे किनाऱ्यावरील कोळी समाजातील मुले या कलेत तयार झाली आणि आज तीच नवशिक्यांना शिकवितात. जवळच्या ससिहित्लू येथे, जेथे शांभवी आणि नंदिनी या दोन नद्या एकत्र येऊन सागरास मिळतात, तेथे राष्ट्रीय पातळीवरील स्पर्धा भरल्या आहेत.

दिवाळी आटोपलेली आणि लग्नसराई अद्याप सुरू झालेली नाही, असे जे थोडे दिवस भांड्यांच्या व्यापाऱ्यास मिळतात, त्या दिवसांत सांगलीचे एक कुटुंब या मार्गाने आले. पेढीचे वडीलधारे, ज्यांना घरात सगळेच आप्पा म्हणतात, आजी, त्यांचा मुलगा व सून, आणि महाविद्यालयात वाणिज्य शिकणारी नात. कारकळला १४३२मध्ये वीरपांड्याने उभारलेल्या ४२ फुटी बाहुबलींचे दर्शन झाले. वेणूरच्या ३५ फुटी मूर्तीपुढे नारळ-तांदूळ वाहून झाले. मूडबिद्रीच्या सहस्रस्तंभ बसदीत, १४३०च्या त्या त्रिभुवनतिलक चूडामणी मंदिरात, चंद्रनाथांसमोर सगळी मंडळी बराच वेळ बसली. यात्रेचा हा भाग ठरलेला होता. त्यानंतरचे चार दिवस मुल्कीचे होते आणि ते नातीने मागून घेतले होते. बारावीनंतर आजोबांनी दिलेले बक्षिसाचे पैसे तिने खर्चिले नव्हते. त्या पैशांतून तिला स्वतःची पहिली फळी, म्हणजे सर्फबोर्ड, घ्यावयाचा होता.

पहिला आक्षेप आजींनी घेतला आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. श्रावकाच्या आचारात अनर्थदंडाचा त्याग सांगितला आहे. निष्कारण जमीन खणणे, निष्कारण पाणी उडविणे, यांस तेथे प्रमादचर्या म्हटले आहे. पाणी गाळून पिणाऱ्या घरातील मुलीने केवळ करमणुकीसाठी समुद्रात शिरावे काय, हा त्यांचा प्रश्न होता. नातीने वाद घातला नाही. "आजी, यात दोष नाही असं मी म्हणत नाही. मर्यादा तुम्ही घालून द्या, मी ती मोडणार नाही," एवढेच ती म्हणाली. मग मर्यादा ठरली: चार दिवस, रोज सकाळी दोन तास, देवदर्शन झाल्यानंतर, ओहोटीच्या वेळी वाळूतील शिंपले-खेकड्यांवर पाय पडू न देता, आणि सूर्यास्तापूर्वीच्या भोजनास उशीर न करता. आजींचे पूर्ण समाधान झाले असे नव्हे. पण व्रताचा मार्ग मर्यादेपासूनच सुरू होतो हे त्यांनाही ठाऊक होते.

दुसरी अडचण मोहाची होती. ज्या घरगुती निवासात कुटुंब उतरले होते, तेथे एक परदेशी प्रवासी आपली फळी विकून मायदेशी निघाला होता. सहा फूट लांब, साडेअठरा इंच रुंद, जेमतेम सव्वादोन इंच जाड. टोकाशी निमुळती, पांढरीशुभ्र, आरशासारखी चकचकीत. किंमत नव्या फळीच्या निम्म्याहूनही कमी. मुलीची दृष्टी तिच्यावर खिळली. दूरचित्रवाणीवरील स्पर्धांत खेळाडूंच्या काखेत दिसते ती अशीच फळी असते. स्वस्त, सुंदर आणि उद्या मिळणार नाही अशी वस्तू समोर असली की विवेकाची खरी कसोटी लागते, हे व्यापाऱ्याच्या घरात कोणास सांगावे लागत नाही.

आप्पांनी ती फळी मागवून घेतली आणि मांडीवर आडवी ठेवून, भांडे तपासावे तशी, बोटाच्या पेराने जागोजाग ठोकून पाहिली. पन्नास वर्षे पितळ, तांबे आणि स्टील ठोकून पारखलेला तो हात होता. मधोमध आवाज भरीव येत होता. शेपटाकडे एका जागी तो पोकळ झाला. तेथे अंगठा दाबला तर पृष्ठभाग किंचित आत जात होता. खालच्या बाजूस, जेथे माशाच्या परासारखे तीन पंख बसविलेले असतात, त्यांपैकी एकाच्या मुळाशी बारीक चीर होती आणि तिच्याभोवती पिवळसर-तपकिरी डाग पसरला होता. आप्पांना फळीचे शास्त्र ठाऊक नव्हते. पण डाग आणि पोकळ आवाज यांचा अर्थ कोणत्याही मालात एकच असतो. ते काही बोलले नाहीत. "उद्या शिकविणाऱ्याला दाखवू," एवढेच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नदीकाठच्या शाळेतील तरुण शिक्षकाशी आप्पांनी कन्नडमध्ये बोलण्यास सुरुवात केली. सांगलीकडील अनेक जैन घरांत कन्नड अजून बोलली जाते. शिक्षकाची मातृभाषा तुळू. पण कन्नड दोघांना जवळची होती. त्याने फळी उलटीसुलटी केली आणि आप्पांनी ठोकून शोधलेल्या जागीच बोट ठेवले. अशा कडक फळीच्या पोटात हलका फोम असतो आणि त्यावर काचतंतूंचे कापड राळेने चिकटवून कवच केलेले असते. कवचाला चीर गेली की समुद्राचे पाणी आत झिरपते, फोम ते पिऊन जड होतो, पिवळा पडतो आणि कवच त्यापासून सुटू लागते. उन्हात बंद मोटारीत फळी ठेवली तरी आतली हवा तापून कवचास फोड येतात. दुरुस्ती होते, परंतु आधी आतले पाणी पूर्ण सुकावे लागते आणि दुरुस्त करणारा माणूस जवळ असावा लागतो. सांगलीत तो नाही.

"आणि ही फळी अगदी निर्दोष असती तर?" मुलीने विचारले.

"तरीही तुमच्यासाठी नव्हे, मॅडम," शिक्षक म्हणाला आणि त्याने हिशेब मांडला.

फळीची निवड लांबीवरून करतात असा समज आहे. खरे माप तिच्या आकारमानाचे, म्हणजे लिटरचे. पाण्यात पूर्ण बुडालेली एक लिटरची वस्तू साधारण एक किलो पाण्याला बाजूला सारते, आणि तेवढाच आधार तिला मिळतो. त्या चकचकीत फळीचे आकारमान सुमारे २५ लिटर होते. मुलीचे वजन ५६ किलो. अशा फळीवर पोटावर पडले की ती माणसासह पाण्याखाली जाते. निष्णात खेळाडूला त्याची फिकीर नसते. जोरदार हात मारून तो लाटेचा वेग पकडतो आणि मग तो वेगच त्याला वर उचलतो. नवशिक्याजवळ ना तेवढे बळ असते, ना लाट ओळखणारी दृष्टी. लाट खालून निघून जाते आणि तो जागच्या जागी राहतो. म्हणून पहिल्या फळीचे लिटर अंगाच्या किलोंपेक्षा बरेच अधिक असावेत. शाळेतील निळी मऊ फळी आठ फूट लांब, साडेबावीस इंच रुंद आणि सव्वातीन इंच जाड होती. तिचे आकारमान सुमारे ८० लिटर. रुंदीमुळे ती डुलत कमी होती आणि लांबीमुळे लाट लवकर पकडत होती. वजनदार पुरुषाला नऊ फुटी फळी लागते; लहान मुलास सात फुटीही पुरते.

मऊ फळीच्या पोटातही फोमच असतो. मात्र तिचा माथा मऊ, रबरासारख्या थराचा असतो, तळ गुळगुळीत प्लास्टिकचा आणि पंख बहुधा लवचीक. ती दिसण्यात देखणी नसते आणि वळविण्यास जड जाते. पण तिचा खरा गुण शिक्षकाने शेवटी सांगितला. "नवशिक्याची फळी हातातून सुटते, ती सुटणारच. तेव्हा ती कोणाला लागेल हेही पाहायचं. कडक फळीचं टोक आणि तिचे पंख माणसाला फाडतात. पहिली फळी आपल्यासाठी घ्यायची, तशीच शेजारी पोहणाऱ्यासाठीही घ्यायची." हे वाक्य आप्पांनी मराठीत करून आजींना सांगितले. आजींनी प्रथमच त्या निळ्या फळीकडे नीट पाहिले.

आणखी एक बारीक गोष्ट जैन कुटुंबांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. कडक फळीच्या माथ्यावर पाय घसरू नयेत म्हणून मेण चोळावे लागते. हे मेण बहुधा खनिज असले तरी काहींत मधमाश्यांचे मेण मिसळलेले असते. मध वर्ज्य मानणाऱ्या घराने वेष्टनावरील घटक वाचल्याशिवाय ते घेऊ नये. मधमाश्यांच्या मेणाविना बनविलेले मेणही मिळते. मऊ फळीस सामान्यतः मेणाची गरजच पडत नाही.

आप्पांना हे सारे ऐकताना आपली पेढी आठवत होती. नव्या संसाराची भांडी घेण्यास येणाऱ्या मुली पातळ पत्र्याच्या, नक्षीदार, झगझगीत पातेल्याकडे धाव घेतात. आप्पा त्यांच्यापुढे जाड बुडाचे साधे पातेले ठेवतात. ज्याचा हात अजून विस्तवावर बसलेला नाही, त्याचे दूध जाड बुडात लागत नाही. पातळ पातेले अनुभवी हाताचे. गिऱ्हाईक नाराज होते, कधी दुसऱ्या दुकानात जाते, आणि दोन वर्षांनी परत येऊन तेच जाड बूड मागते. "माल चांगला की वाईट हा पुढचा प्रश्न," आप्पा नातीला म्हणाले. "तो कोणाच्या हाती जाणार, हे आधी पाहायचं. ही पांढरी फळी तू पाच वर्षांनी जी होशील तिच्यासाठी आहे. आजच्या तुझ्यासाठी ती निळी."

मुलीचा चेहरा उतरला. पण तिने पुढचा प्रश्न विचारला, तो वाणिज्याच्या विद्यार्थिनीस शोभणारा होता. मग निळ्यासारखी नवी मऊ फळी विकत घ्यावी काय? यावर उत्तर आजींनी दिले. "घेऊन ठेवशील कुठं, बाळ? कृष्णेला लाटा आहेत का?" सगळे हसले, पण प्रश्न खरा होता. आठ फुटी फळी सांगलीच्या गोदामात पातेल्यांच्या चळतींमागे वर्षाचे ३५५ दिवस उभी राहणार होती. परिग्रहाचे परिमाण म्हणतात ते हेच. एखादी वस्तू परवडते की नाही, एवढ्याने निवाडा होत नाही. तिचा उपयोग किती आणि सांभाळ किती, याचा मेळ घालावा लागतो. शिवाय या फळ्या ज्या फोमच्या होतात तो मातीत विरत नाही. मोडलेली स्वस्त फळी किनाऱ्यावर टाकून दिली की तिचे कण होऊन समुद्रात जातात. जे समुद्राकाठी राहतात आणि आठवड्यातून दोनतीनदा पाण्यात उतरतात, त्यांनी मऊ फळी अवश्य घ्यावी. जे वर्षातून एकदा येतात, त्यांनी शाळेची फळी भाड्याने घ्यावी आणि शिकण्यावर पैसे खर्चावेत. शिक्षकाचेही मत हेच पडले, जरी विक्रीत त्याचा लाभ झाला असता. आप्पांनी त्या तरुणाच्या सचोटीची मनात नोंद घेतली.

सकाळी होडीने नदी ओलांडून सारे वाळूच्या पट्ट्यावर गेले. पावसाळ्यात हा समुद्र नवशिक्यासाठी नसतो; जून आणि जुलैत तर पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीसही बंदी असते. ऑक्टोबरपासून पाणी निवळते आणि लाटा कमरेइतक्या होतात. प्रथम वाळूवरच पाठ झाला. पाठीमागून हलकाच धक्का दिला असता मुलीने आधी उजवा पाय पुढे टाकला. म्हणजे तिने फळीवर उजवा पाय पुढे ठेवावयाचा. मागच्या, म्हणजे डाव्या, घोट्यास फळीचा पट्टा बांधला. त्याची लांबी फळीएवढीच होती, जेणेकरून पडल्यावर फळी फार दूर जाऊ नये आणि उलटून अंगावरही येऊ नये. पडताना सपाट पडावे, वर येताना हातांनी डोके झाकावे, फळी आपल्या आणि लाटेच्या मध्ये कधीही धरू नये. समुद्राकडे ओढणाऱ्या प्रवाहात सापडल्यास त्याच्याशी झुंजू नये. फळी सोडू नये, हात वर करून मदत मागावी आणि किनाऱ्यास समांतर सरकत प्रवाहाबाहेर पडावे. आप्पांनी हे नियम नातीकडून तीनदा म्हणवून घेतले आणि मगच पाण्यात जाण्यास मान हलविली. ते स्वतः वाळूवर छत्री घेऊन बसले. त्यांना पोहता येत नव्हते. चारही दिवस ते तेथून उठले नाहीत.

पहिल्या दिवशी मुलगी केवळ पोटावर पडून फेसाळ पाण्याबरोबर किनाऱ्याशी येत राहिली. दुसऱ्या दिवशी गुडघ्यांवर. पांढरी फळी असती तर एवढेही झाले नसते, हे तिचे तिलाच उमगले. तिसऱ्या दिवशी एक लाट मागून आली, फळी उचलली गेली, आणि ती दोन्ही पायांवर उभी राहिली. चारपाच क्षण, फार तर. निळी फळी वाळूला लागेपर्यंत ती उभीच होती. सून टाळ्या वाजवू लागली. आप्पा छत्रीखालून उठून दोन पावले पाण्याकडे गेले, थांबले, आणि पुन्हा जागेवर येऊन बसले.

लाटेवर उभे राहण्याची ही कला मूळची हवाई बेटांची. तेथे सरदारांच्या फळ्या चौदा फुटांहूनही लांब असत आणि अखंड लाकडाच्या असत. सामान्य लोक त्याहून आखूड, पातळ फळ्या वापरीत. १९१२ आणि १९२० या दोन ऑलिंपिकमध्ये शंभर मीटर पोहण्याचे सुवर्णपदक मिळविणाऱ्या ड्यूक कहानामोकू यांनी ती जगभर नेली आणि टोकियो ऑलिंपिकपासून तिला त्या मेळाव्यातही स्थान मिळाले. पण मुल्कीच्या किनाऱ्यावर हा मोठा इतिहास दूर राहतो. तेथे मच्छीमाराचा मुलगा व्यापाऱ्याच्या नातीस शिकवितो आणि सांगतो की, घाई करू नका, लाट पुन्हा येते.

चौथ्या दिवशी निघताना तो परदेशी प्रवासी किंमत आणखी उतरवून पुन्हा पुढे आला. मुलीने फळी हातात घेतली, शेपटाकडे बोटाने ठोकून तो पोकळ आवाज स्वतः ऐकला, चीर कोठे आहे ते त्यालाही दाखविले आणि नमस्कार करून फळी परत दिली. आप्पा काही अंतरावर उभे होते. पेढीवर बसण्याची पात्रता कोणत्या दिवशी येते हे सांगता येत नाही. पण ती आली की जुन्या माणसास कळते.

परतीच्या वाटेवर तिने वहीत मापे लिहून ठेवली: आठ फूट, साडेबावीस, सव्वातीन, ८० लिटर. बक्षिसाचे पैसे बहुतेक तसेच शिल्लक होते. अंकोला मागे पडल्यावर आजींनी विचारले, "पुढच्या वर्षी पुन्हा याच दिवसांत यायचं का ग? लग्नसराईच्या आधी?"

"मर्यादा तीच?" नातीने विचारले.

"तीच. चार दिवस, दोन तास," आजी म्हणाल्या. "आणि आधी मूडबिद्री."